सहलीचे दोन कागद

मराठी शाळांमधून सहलीच्या निमित्ताने दोन कागद लिहिले जातात. एक सहलीच्या आधी आणि दुसरा सहलीनंतर. पहिला कागद म्हणजे पालकांचे संमतिपत्र. पाल्य स्वेच्छेने सहलीस येत आहे, त्यास काही इजा अथवा अपघात झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो आणि खाली सही असते. दुसरा कागद म्हणजे 'आमची सहल' हा निबंध. त्यात पहाटे गजराच्या आधीच जाग येते, गाडी सुटताना जयघोष होतो, गाण्यांच्या भेंड्या रंगतात, स्थळाची माहिती येते, डबे उघडले जातात आणि अखेर वेळ कसा निघून गेला हे कोणालाच कळत नाही. पहिल्या कागदात जे जे वाईट घडू शकेल ते सारे गृहीत धरलेले असते. दुसऱ्या कागदात वाईट असे काहीच घडलेले नसते.

हे दोन्ही कागद खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. दोन्ही अपुरे आहेत एवढेच. प्रत्यक्ष सहल या दोहोंच्या मधल्या जागेत कुठेतरी घडून जाते आणि तिथले मात्र कोणीच लिहीत नाही. गाडी दोन तास उशिरा आली, खिडकीची जागा दुसऱ्याला मिळाली, ज्याच्याशेजारी बसायचे मनात होते तो तिसऱ्याच घोळक्यात गेला, डब्यातल्या बटाट्याच्या भाजीला दुपारी वास येऊ लागला, वर्गणी भरता न आल्याने एक मुलगी आलीच नाही आणि तिची आठवण कोणाला झाली नाही. या गोष्टी निबंधात येत नाहीत, कारण त्या लिहिल्या तर गुण कमी होतील अशी विद्यार्थ्याची खात्री असते आणि ती बहुधा बरोबर असते. आनंदाविषयी लिहायचे म्हणजे त्यातून निराशा गाळून लिहायचे, हा धडा आपल्याकडे इयत्ता पाचवीच्या सुमारास पक्का होतो आणि पुढे पुष्कळांच्या ललित लेखनातही तो शेवटपर्यंत टिकतो. आमचा आक्षेप या धड्याला आहे.

वास्तविक सहलीची कथा पहिल्यापासून अशी गाळीव नव्हती. आपल्या परंपरेतील सर्वांत थोर वनभोजन भागवताच्या दशम स्कंधात आहे. बाराव्या अध्यायाच्या आरंभी कृष्णाला वनात न्याहारी करण्याची इच्छा होते. गोपाळ आपापल्या शिदोऱ्या घेऊन वासरांसह निघतात, खेळतात, एकमेकांची शिदोरी पळवतात आणि पाहता पाहता अघासुराच्या उघड्या जबड्यात शिरतात. त्यातून सुटका झाल्यावर तेराव्या अध्यायात यमुनेच्या वाळवंटावर पंगत बसते. ज्या काल्याच्या आठवणीने आजही आपल्याकडे सप्ताहाची सांगता होते, त्याचे मूळ या शिदोऱ्यांच्या देवघेवीत आहे. पण ही पंगतही पुरी होत नाही. घास हातात असतानाच वासरे दिसेनाशी होतात. कृष्ण तो घास तसाच हातात धरून त्यांच्या शोधाला निघतो आणि तेवढ्यात ब्रह्मदेव वासरांबरोबर गोपाळांनाही लपवून ठेवतो. कृष्ण परत येऊन सारे पूर्ववत होईपर्यंत वर्ष उलटलेले असते. गोपाळ मात्र म्हणतात की तू किती लवकर आलास, आम्ही अजून एक घाससुद्धा घेतलेला नाही.

या कथेचा आध्यात्मिक अर्थ सांगण्याचा अधिकार आमचा नाही. वाङ्मयाचे वाचक म्हणून आम्हाला एवढेच दिसते की कथाकाराला वनभोजनाचे मर्म पुरेपूर कळले होते. सुख आहे, ते सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र केल्याने आलेले आहे आणि ते अर्ध्या घासावर थांबते. 'वेळ कसा गेला कळलेच नाही' हे आपल्या निबंधातले झिजलेले वाक्यही इथे आहे. फरक इतकाच की भागवतात त्या न कळण्याची किंमत एक वर्ष आहे.

'पिकनिक' या शब्दाचा इतिहासही याच दिशेने जातो. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमध्ये तो आढळतो तेव्हा त्याचा रानावनाशी संबंध नव्हता. ज्या भोजनात प्रत्येकाने आपला वाटा आणायचा ते पिकनिक. म्हणजे हिरवळ नंतर आली, वर्गणी आधीची. हे ध्यानात घेतले की साहित्यातल्या सहली अशा का बिघडतात ते उमगते. सहलीत मनुष्य डब्याबरोबर आपला अहंकार, आपला हेवा आणि आपली अपेक्षाही वाटा म्हणून घेऊन येतो. जेन ऑस्टिनच्या १८१५ सालच्या 'एमा' या कादंबरीत बॉक्स हिलची सहल आहे. हवा उत्तम, व्यवस्था चोख, मंडळी परिचित. तरीही कोणाचे चित्त लागत नाही आणि त्या कंटाळ्याच्या भरात एमा गरीब, बडबड्या मिस बेट्सचा सर्वांदेखत अपमान करते. त्या एका वाक्यामुळे आणि त्यावरून नाइटली तिला जे सुनावतो त्यामुळे कादंबरीची नायिका मोठी होते. फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टु इंडिया'त (१९२४) डॉक्टर अझीझ इंग्रज पाहुण्यांना मराबारच्या लेण्यांत नेतो. कोण काय खाईल, कोणाला काय चालेल याची तो आदल्या रात्रीपर्यंत धास्ती घेतो. फील्डिंग आणि गोडबोले यांची गाडी चुकते तिथून त्या सहलीला जे ग्रहण लागते ते थेट न्यायालयात पोचते. यजमानाची काळजी हा सहलीचा सर्वांत करुण भाग आहे आणि तो फॉर्स्टरने अचूक टिपला आहे.

लेण्यांचा विषय निघालाच आहे तर आपण आपल्याकडच्या लेण्यांकडे येऊ. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांची पहिली जलसहल घारापुरीची असते. गेट वेवरून लाँच सुटते, परत गेट वेलाच येते, त्यामुळे घारापुरी मुंबईचा भाग आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. आमच्या मते सहलीचे सुख आणि तिची निराशा ही दोन्ही ज्या एका भूभागावर एकत्र वाचता येतात असा उरण तालुका आहे आणि म्हणून पुढील विवेचन आम्ही त्याच्याच आधारे करणार आहोत.

घारापुरीच्या मुख्य लेण्यात बहुतेक सहली थेट सदाशिवाच्या विराट मूर्तीपुढे जाऊन उभ्या राहतात, जिला आपण त्रिमूर्ती म्हणतो. ते स्वाभाविक आहे. मात्र पूर्वेकडच्या बाजूला समोरासमोर दोन शिल्पपट आहेत, तिकडे फारसे कोणी थांबत नाही. एकात शिवपार्वती कैलासावर निवांत बसलेली आहेत. शिल्प बरेच भग्न आहे, पण ती दोघे द्यूत खेळत आहेत आणि पार्वती रुसून तोंड फिरवून बसली आहे, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. समोरच्या पटात रावण तोच कैलास मुळापासून हलवतो आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास ज्या कारागिरांनी हे कोरले त्यांनी देवांच्या फावल्या वेळातसुद्धा रुसवा ठेवला आणि त्याच्या समोर भूकंप ठेवला. निबंध लिहिणाऱ्या मुलांना याच दोन पटांपुढे पाच मिनिटे बसवावे अशी आमची सूचना आहे.

या बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. १९८७ साली युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा ठरवले. वीज मात्र या गावांत समुद्राखालून केबल टाकून २०१८ साली पोचली. या दोन तारखांच्या मधली तीस वर्षे सहलींची मोठी चलती होती. संध्याकाळी शेवटची लाँच पाहुण्यांना घेऊन निघत असे. पाहुण्यांच्या पुढे सूर्यास्त असे आणि तिकडेच मुंबईचे दिवे लागत असत. बेटावर राहणाऱ्यांच्या वाट्याला त्यानंतर जनित्राची काही तासांची वीज आणि मग अंधार येई. मुंबईचे दिवे त्यांनाही दिसत होतेच. सहल संपल्याची हुरहुर आपण पुष्कळ वर्णिली. सहल निघून गेल्यावर त्या जागी काय उरते, याचे वर्णन मराठीत शोधावे लागते.

सत्यजित राय यांच्या 'अरण्येर दिनरात्री' (१९७०) या चित्रपटाची इथे आठवण होते. कलकत्त्याचे चार तरुण पलामूच्या रानात मौजेसाठी जातात. झाडाखाली बसून ते आणि दोघी स्त्रिया थोरामोठ्यांची नावे लक्षात ठेवण्याचा खेळ खेळतात, तो प्रसंग प्रसिद्धच आहे. पण याच तरुणांनी विश्रामगृहाच्या चौकीदाराला पैसे चारून खोल्या मिळवलेल्या असतात आणि त्याची बायको शेजारच्याच खोपटात आजारी पडली आहे, याकडे त्यांचे लक्ष गेलेले नसते. राय त्यांना खलपुरुष ठरवत नाहीत. सहलीला आलेला मनुष्य आंधळा असतो, कारण न पाहण्यासाठीच तो घराबाहेर पडलेला असतो, हे ते शांतपणे दाखवतात.

उरणच्या भूमीवर हे आंधळेपण अधिक सोपे आहे, कारण पाहण्यासारखे पुष्कळ आता झाकले गेले आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरात उतरावे, तिथून पिरवाडीच्या किनाऱ्यावर जावे, द्रोणागिरीचा डोंगर पाहावा, करंजाहून तरीने रेवसला जावे, ही जुनी वहिवाट. त्या वाटेवर भातखाचरे आणि मिठागरे होती. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी ठाणे-बेलापूर, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि त्यासाठी शेवा कोळीवाड्याला आपली जागा सोडावी लागली. आज कंटेनरच्या रांगा ओलांडून किनाऱ्याकडे जाताना 'इथे पूर्वी काय होते' असा प्रश्न मुलांनी विचारला, तर त्याचे उत्तर देणे हा सहलीचाच भाग आहे.

चिरनेरची गोष्ट याहून जुनी. पावसाळ्यात आक्कादेवीच्या डोंगराकडे भिजायला लोक जातात. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच रानात जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात नाग्या कातकरी आणि इतर हुतात्मे झाले. ती माणसे रानात मौजेसाठी गेली नव्हती. रानावर आपला हक्क आहे हे सांगण्यासाठी गेली होती. आज आपण तिथे बेफिकीरपणे जाऊ शकतो याचे थोडेफार देणे त्यांच्याकडे निघते. याचा अर्थ धबधब्याखाली उभे राहून कोणी उदास व्हावे असा नाही. हुतात्मा स्मारकापाशी दहा मिनिटे थांबून मग भिजायला गेलेल्या मुलांचा आनंद उणा होतो, असा आमचा तरी अनुभव नाही.

कोणी म्हणेल, सहलीसारख्या हलक्याफुलक्या गोष्टीवर तुम्ही हे ओझे का लादता? एक दिवस तरी माणसाला विसरू द्या. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. विसरणे ही माणसाची खरी गरज आहे आणि ज्यांना आठवड्याचे सहा दिवस काबाडकष्ट आहेत त्यांना तर ती अधिक आहे. पण सहलीतले खरे सुख विसरण्यातून येते की आणखी कशातून, हे एकदा तपासून पाहावे. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत पोपटी लावतात. शेतात वालाच्या शेंगा भरल्या की संध्याकाळी मंडळी जमतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, अंडी, जमल्यास मसाला लावलेली कोंबडी. तोंड पुन्हा पाल्यानेच गच्च बंद करायचे, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पालापाचोळा, गवत, काटक्या रचून पेटवायचे. पाणी एक थेंब घालायचे नाही. आत काय चालले आहे ते दिसत नाही, मध्ये उघडून पाहता येत नाही. मडक्यावर पाण्याचा शिपका मारून, ते किती चटकन आटते त्यावरून अनुभवी माणूस अंदाज बांधतो. एखादी पोपटी करपते, एखादी कच्ची राहते, आणि एखादी अशी जमते की माणसे वर्षभर तिचीच चर्चा करतात.

पोपटीच्या भोवती बसलेली माणसे काहीच विसरलेली नसतात. शेत कोणाचे, शेंगा कोणी तोडल्या, मडके कोणी आणले, मागच्या खेपेला कोणी घाई करून पोपटी बिघडवली, सारे त्यांना ठाऊक असते आणि त्यावरच थट्टामस्करी चालते. सुख येते ते एकत्र वाट पाहण्यातून आणि बिघडण्याची शक्यता सर्वांनी मिळून पत्करण्यातून. जी पोपटी कधीच करपू शकत नाही ती हॉटेलात मिळते आणि तिची आठवण कोणी काढत नाही.

मोऱ्याच्या लाँचचेही तसेच. मोरा बंदरात गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच बंद ठेवण्याची पाळी येते. उरणला जाणाऱ्याला म्हणून भरती-ओहोटीचे गणित ठेवावे लागे, आणि ते चुकले की धक्क्यावर तास-दोन तास बसावे लागे. त्या तासांत चिडचिड होई, डबे ठरल्या वेळेआधीच उघडले जात, शेजारच्या अनोळखी कुटुंबाला घावन किंवा पुरी दिली जाई. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही पोचली. हे उत्तम झाले. रोजच्या नोकरदाराला, रुग्णाला, विद्यार्थ्याला ओहोटीवर अवलंबून ठेवण्यात कसलेही काव्य नाही आणि ते काव्य जपण्यासाठी कोणी गाळात रुतावे असे आम्हाला वाटत नाही. गंमत अशी की सेतू सुरू झाला तेव्हा लोक त्यावरच गाड्या थांबवून छायाचित्रे काढू लागले, खाऊ लागले, आणि पोलिसांना दंड आकारावा लागला. ज्या सोयीने सहलीतला थांबा काढून टाकला तिच्यावरच माणसांनी थांबा शोधला. यावरून सहलीची भूक ही स्थळाची भूक नसून थांबण्याची भूक आहे, असे आमचे अनुमान आहे.

आता संमतिपत्राकडे वळले पाहिजे, कारण तोही कागद पोकळ नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येच्या सुमारास गावी निघालेली ती माणसे होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचा अंत झाला. त्यांत मुलेही होती. 'रामदास'मधली माणसे घराकडे चालली होती, 'नीलकमल'मधली बरीचशी घराबाहेर एक दिवस काढायला. समुद्राने हा भेद केला नाही. अशा घटनेपुढे टीकाकाराने तत्त्वज्ञान सांगू नये. एवढेच म्हणावे की या मृत्यूंना 'निराशा' हा शब्द लागू करणे क्रूर आहे. सुरक्षा, अंगरक्षक जाकिटे, बोटीची क्षमता, वाहतुकीची शिस्त ही व्यवस्थेची कामे आहेत आणि ती संमतिपत्रावरच्या सहीने पालकांच्या गळ्यात घालता येत नाहीत. सहलीत जी अनिश्चितता आम्ही मोलाची मानतो ती करपलेल्या शेंगांची, हुकलेल्या लाँचची, रुसलेल्या मैत्रिणीची. जीविताची अनिश्चितता ही मोलाची गोष्ट नव्हे. ती निष्काळजीपणाची दुसरी बाजू असते. हा भेद धूसर करणारे रोमँटिक लेखन आम्हाला मान्य नाही.

हा भेद नीट केला म्हणजे दोन कागदांमधली जागा स्पष्ट दिसू लागते. संमतिपत्र प्रशासनाचे आहे, निबंध परीक्षेचा आहे. मधली जागा साहित्याची आहे. 'आमची सहल' हा निबंध तुच्छ लेखण्याचे कारण नाही. बहुसंख्य मराठी माणसांनी आयुष्यात स्वतःच्या अनुभवावर लिहिलेला तो पहिला आणि कित्येकदा शेवटचा गद्य लेख असतो. तिथेच आपण त्यांना सांगून टाकतो की जे वाटले ते लिहू नका, जे वाटायला हवे ते लिहा. पुढे हीच मुले वाचक होतात तेव्हा त्यांना प्रवासवर्णनात निसर्ग हवा असतो आणि माणसे नको असतात, आत्मचरित्रात यश हवे असते आणि अपमान नको असतो, यात नवल ते काय?

म्हणून शिक्षकमित्रांना आमची विनंती साधी आहे. पुढच्या खेपेस मुलांना विषय देताना एकच ओळ जोडावी: सहलीत ठरल्याप्रमाणे न झालेली एक गोष्ट लिहा आणि सहलीला न आलेल्या एका मुलाविषयी किंवा मुलीविषयी लिहा. शुद्धलेखनाचे गुण हवे तर कापावेत, पण कंटाळा आला असे लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत. काहींच्या वह्यांत फार काही उतरणार नाही. एखाद्या वहीत मात्र, लाँच हुकली आणि आम्ही धक्क्यावर बसून शेंगदाण्याचे लाडू संपवले, आई रागावली होती पण तिनेही एक खाल्ला, अशी दोन वाक्ये सापडतील. त्या वहीवर थोडे थांबावे. तिथे मुलाने सहलही लिहिलेली असते आणि आईही.